चाकाआड गंजतो ब्रेकचा आधार

प्रतिनिधी, मुंबई

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने वाहन अनियंत्रित झाले’ असे वाक्य हमखास आढळते. वाचक ते वाचून पुढे जातो. ब्रेक निकामी झाला म्हणजे नेमके काय झाले, वाहनाचा कोणता भाग तुटला, तो एका क्षणात तुटला की दोन-तीन पावसाळे हळूहळू झिजत आला होता, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ब्रेक म्हणजे पायाखालचे पेडल आणि फार तर चाकातले लायनर, एवढीच सर्वसामान्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात मालवाहू पिकअपच्या मागच्या चाकातील संपूर्ण ब्रेकयंत्रणा एका पोलादी तबकडीवर उभी असते. तिला ‘बॅकिंग प्लेट’ म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ती नुसतीच ‘प्लेट’ असते. मुंबईच्या उपनगरांतील खारी हवा, पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि मासळीच्या बर्फाचे गळणारे पाणी यांचा पहिला मार तिलाच बसतो. आणि दुरुस्तीच्या यादीत तिचे नाव सर्वांत शेवटी येते.

उपनगरांचे दैनंदिन जीवन या पिकअपवर किती अवलंबून आहे, हे पहाटेच्या वेळी रस्त्यावर उभे राहिल्यास कळते. नवी मुंबईतील घाऊक बाजारातून निघालेला भाजीपाला वाशीच्या पुलावरून घाटकोपरकडे आणि ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे येतो. वेसाव्याची ताजी मासळी आणि मरोळच्या बाजारातील सुकी मासळी छोट्या टेम्पोंतूनच हलते. दूध, गॅस सिलिंडर, पिण्याच्या पाण्याचे जार, सिमेंटच्या गोण्या, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग, बोरिवलीच्या गृहसंकुलांत येणारे फर्निचर, या सगळ्याची ने-आण दीड-दोन टन वाहून नेणाऱ्या या वाहनांकडे आहे. मोठ्या ट्रकना ज्या गल्ल्यांत शिरता येत नाही, तेथे ती शिरतात. शाळेच्या दारासमोरून, भाजीवाल्यांच्या रांगेतून आणि रेल्वे स्थानकाबाहेरच्या गर्दीतून ती जातात. त्यामुळे त्यांचे ब्रेक ही केवळ वाहनमालकाची खासगी बाब राहत नाही.

तबकडीचे काम काय?

आजच्या बहुतेक पिकअपना पुढच्या चाकांत डिस्क आणि मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. ड्रम ब्रेकचे तत्त्व जुने आहे. फ्रान्समधील मोटार उत्पादक लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये आतून बाहेर फाकणाऱ्या शूंचा ब्रेक प्रचारात आणला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या पद्मिनीच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक होते. पुढे मोटारींत डिस्क ब्रेक आले. तरीही मालवाहू वाहनांच्या मागच्या चाकांत ड्रम टिकून राहिला. तो स्वस्त पडतो, त्यात हँडब्रेक सहज बसवता येतो आणि फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेत असल्याने कमी दाबात अधिक पकड मिळते.

या यंत्रणेचे दोन भाग पाडता येतात. पहिला भाग फिरणारा. ओतीव लोखंडाचा ड्रम चाकाबरोबर फिरतो. दुसरा भाग स्थिर. अर्धवर्तुळाकार दोन शू, त्यांवर चिकटवलेले किंवा रिव्हेटने ठोकलेले लायनर, शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर, शूंना परत आत ओढणाऱ्या स्प्रिंगा, लायनरची झीज भरून काढणारा अ‍ॅडजस्टर आणि हँडब्रेकचा दांडा हे सारे या स्थिर भागात मोडते. या स्थिर भागातील प्रत्येक वस्तू कशाला तरी धरून असली पाहिजे. ती धरून असते बॅकिंग प्लेटला. प्लेट स्वतः चार किंवा अधिक बोल्टने मागच्या एक्सलच्या टोकाला घट्ट बसवलेली असते.

प्लेटवर शूंच्या कडा टेकतात त्या ठिकाणी किंचित उंच उठवलेले, गुळगुळीत टेकू असतात. ब्रेक दाबला की शू या टेकूंवरून सरकत बाहेर जातो आणि सोडला की सरकत परत येतो. शूला जागेवर दाबून ठेवणाऱ्या खिळ्यांची छिद्रे, सिलिंडरच्या बोल्टची छिद्रे, हँडब्रेकच्या केबलचे छिद्र आणि अ‍ॅडजस्टर फिरवण्यासाठी ठेवलेली लांबट खिडकी हेही प्लेटवरच असते. शिवाय चिखल आणि पाणी आत जाऊ न देणे हे कामही तिच्याकडे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती चिखल अडवणारा साधा पत्रा वाटते आणि गैरसमजाची सुरुवात येथूनच होते.

आठशे किलोंचा भार

हा ‘साधा पत्रा’ किती भार सोसतो, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. मालासह तीन टन वजनाचा पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि समोर अचानक रिक्षा थांबली, असे समजू. चालकाने ब्रेक दाबून दर सेकंदाला सेकंदास पाच मीटर या दराने वेग कमी केला, तर वाहनाला रोखण्यासाठी एकूण सुमारे १५ हजार न्यूटन बल लागते. माल भरलेला असताना त्यातील ४० टक्के वाटा मागच्या चाकांनी उचलला, तर प्रत्येक मागच्या चाकावर तीन हजार न्यूटन येतात. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली आणि शूचा आधार चाकाच्या केंद्रापासून १३ सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर त्या आधारावर सुमारे आठ हजार न्यूटन, म्हणजे आठशे किलो वजन टांगल्याइतका जोर येतो.

हा जोर प्लेटवर पडतो आणि तिच्यामार्फत एक्सलकडे जातो. शू ड्रमला पकडतो तेव्हा ड्रम शूला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. त्याला फिरू न देणारी वस्तू म्हणजे ही प्लेट. मुंबईच्या वाहतुकीत ब्रेक दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो. प्रत्येक वेळी जोर आठशे किलोंचा नसतो हे खरे. पण पत्रा मूळ जाडीचा असेल, या गृहीतावरच वाहनाची रचना केलेली असते. गंजाने तो निम्मा झाला, तर हे गृहीतच कोसळते.

उपनगरांतील हवा आणि पाणी

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू लागतो. त्यात मीठ मिसळले की ही क्रिया झपाट्याने होते, कारण मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि क्लोराइडमुळे पृष्ठभागावरचा संरक्षक थर टिकत नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्र आहे, तर पूर्वेला ठाण्याची खाडी आणि भांडुप-मुलुंडच्या बाजूची मिठागरे. त्यामुळे अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, हवेतील मीठ दोन्हीकडे पोहोचते.

त्यात पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदवला जातो. अंधेरीचा भुयारी मार्ग मुसळधार पावसात दरवर्षी बंद करावा लागतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरही सखल भागांत पाणी साचते. अशा पाण्यातून पिकअप गेला की मागचा एक्सल पाण्याखाली जातो. अ‍ॅडजस्टरच्या खिडकीवरचे रबरी झाकण पडलेले असेल, आणि जुन्या वाहनांत ते बहुधा पडलेलेच असते, तर गटाराचे पाणी थेट ड्रममध्ये शिरते. पाणी ओसरते, आत शिरलेला बारीक गाळ मात्र तेथेच राहतो. प्लेटच्या खालच्या भागात तो लायनरच्या भुकटीत मिसळून घट्ट बसतो आणि कोरडे दिवस आले तरी ओल धरून ठेवतो. प्लेट बहुतेकदा खालच्या बाजूने आधी सडते, त्याचे कारण हेच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील असंख्य वाहने तासन् तास पाण्यात बुडून होती. अशा वेळी इंजिन सुरू होते की नाही याकडेच लक्ष जाते. इंजिन सुरू झाले की वाहन रस्त्यावर येते. ड्रम उघडून आतील गाळ धुण्याचे काम तेव्हा केले नाही, तर त्याचे परिणाम वर्ष-दोन वर्षांनी दिसतात आणि तोपर्यंत त्या पुराची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

मासळी वाहणाऱ्या टेम्पोंची स्थिती याहून बिकट आहे. बर्फ वितळून निघालेले खारट पाणी हौद्याच्या फटींतून सतत खाली ठिबकते आणि नेमके मागच्या एक्सलवर पडते. इतरांना चार महिने पावसाळा असतो, या वाहनांना तो बारमाही असतो. कचरा किंवा ओला माल वाहणाऱ्या वाहनांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडते.

गंज ब्रेक कसा बिघडवतो?

प्लेट एकदम तुटत नाही. बिघाड टप्प्याटप्प्याने होतो आणि प्रत्येक टप्प्यावर तो दुसऱ्याच कशाचा तरी दोष वाटतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे टेकूंवर गंजाच्या खपल्या फुगतात आणि त्यावरून सरकणारा शू अडखळू लागतो. दुसरीकडे, वर्षानुवर्षे घासून टेकूंवर खाचा पडतात. शूची कड या खाचेत अडकते. ब्रेक दाबला तर शू उशिरा सुटतो, सोडला तर परत येत नाही. परत न आलेला शू ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, लायनर जळल्याचा वास येतो आणि इंधन जास्त लागते. गॅरेजमध्ये लायनर बदलले जातात. खाच तशीच राहते. तीन-चार महिन्यांत तक्रार पुन्हा येते आणि दोष ‘डुप्लिकेट’ लायनरवर टाकला जातो.

पुढच्या टप्प्यात छिद्रे मोठी होतात. शूला धरून ठेवणारा खिळा सैल पडतो आणि ब्रेक दाबताच चाकातून ‘कट्’ असा आवाज येऊ लागतो. सिलिंडरच्या आसपासचा पत्रा पातळ झाला की सिलिंडर ब्रेकच्या जोराने हलू लागतो. त्याला जोडलेल्या ब्रेकऑइलच्या नळीवर ताण येतो. नळी चिरली तर मागच्या चाकांचा दाबच नाहीसा होतो. अलीकडच्या वाहनांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असल्याने उरलेल्या मार्गाचे ब्रेक चालू राहतात. परंतु पेडल एकाएकी खोल जाते आणि भरलेले वाहन थांबायला कितीतरी अधिक अंतर घेते.

शेवटची अवस्था सर्वांत घातक असते. प्लेटचा तुकडा निघून ड्रम आणि शू यांच्यामध्ये अडकला, तर चाक जागीच जखडू शकते. ओल्या रस्त्यावर एकच मागचे चाक जखडले की वाहनाचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. दुचाकीस्वाराला किंवा पादचाऱ्याला त्यावेळी बाजूला होण्याइतका अवधी मिळत नाही.

हँडब्रेकचा मुद्दाही येथेच येतो. हँडब्रेकची केबल याच मागच्या शूंना फाकवते. प्लेट सैल असेल तर हँडब्रेकचा जोर शूपर्यंत पोहोचण्याऐवजी प्लेट वाकवण्यात खर्ची पडतो. घाटकोपरच्या असल्फा परिसरासारख्या चढाच्या वस्त्यांत माल उतरवण्यासाठी उभा केलेला टेम्पो अशा वेळी केवळ गिअरच्या भरवशावर उभा असतो. चाकाखाली दगड लावण्याची सवय अनेक चालकांना असते. ती चांगलीच आहे, पण हँडब्रेक बिघडल्याची ती कबुलीही असते.

बदलण्याचे काम

प्लेट ही स्वस्त वस्तू आहे. महाग आहे ती तिच्यापर्यंत पोहोचण्याची मेहनत. लायनर बदलायचे तर चाक आणि ड्रम काढून भागते. प्लेट काढायची तर एक्सलही बाहेर काढावा लागतो, कारण तो प्लेटच्या मधल्या भोकातून आरपार गेलेला असतो.

कामाची सुरुवात सपाट जागेपासून होते. गॅरेजसमोरचा उताराचा रस्ता त्यासाठी योग्य नाही. माल पूर्ण उतरवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, चाकाचे नट किंचित सैल करायचे, जॅकने मागचा भाग उचलायचा आणि एक्सलखाली भक्कम लोखंडी घोड्या लावायच्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या वाहनाखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय. त्यानंतर हँडब्रेक सोडून, अ‍ॅडजस्टर सैल करून ड्रम काढला जातो. गंजलेला ड्रम सहज निघत नाही. बहुतेक ड्रमना त्यासाठी आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट पिळत गेले की ड्रम समान सरकत बाहेर येतो. हातोड्याच्या घावांनी ओतीव लोखंड तडकण्याची भीती असते.

ड्रम निघाल्यावर आतील भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोकादायक आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुफ्फुसांत गेल्यास कर्करोगासह गंभीर आजार होतात. समोरच्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे भुकटी ओल्या फडक्याने किंवा पाण्याचा हलका फवारा मारून काढणे आणि तोंडाला मास्क लावणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही काळजी अधिक महत्त्वाची आहे.

स्प्रिंगा काढण्यापूर्वी त्यांच्या जागांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवले म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. दोन्ही चाके एकाच वेळी न उघडता एक बाजू नमुन्यासाठी तशीच ठेवण्याची जुनी रीतही उपयोगी पडते. शू, स्प्रिंगा आणि हँडब्रेकची केबल सुटी झाल्यावर ब्रेकऑइलची नळी सोडवली जाते. येथे घाई नडते. गंजलेल्या नटवर साधा पाना लावला की त्याच्या कडा घासून गोल होतात आणि नळी पिळली जाते. नटला चारही बाजूंनी धरणारा खास पाना आणि गंज सोडवणारे तेल लावून काही वेळ थांबणे हा त्यावरचा उपाय. नळी सुटताच तिचे तोंड बंद करावे लागते, नाही तर सगळे ब्रेकऑइल जमिनीवर येते.

एक्सल काढण्याची पद्धत वाहनाच्या रचनेनुसार बदलते. काही पिकअपमध्ये बेअरिंग एक्सललाच घट्ट बसवलेले असते. तेथे बेअरिंग धरून ठेवणारे नट सोडून एक्सल बेअरिंगसह बाहेर ओढतात. अधिक वजन वाहणाऱ्या वाहनांत चाकाचा भार हबवर असतो. तेथे हबच्या मध्यावरचे बोल्ट काढून एक्सलचा दांडा ओढून घ्यायचा, मग मोठा नट सोडून हब आणि बेअरिंग काढायचे आणि त्यानंतर प्लेट मोकळी होते. कोणत्याही प्रकारात ऑइल सील नवी टाकणे आवश्यक आहे. जुनी सील पुन्हा बसवली आणि गिअर ऑइल लायनरवर आले, तर नवी प्लेट असूनही ब्रेक घसरणारच.

नवी प्लेट बसवण्याआधी ती जुन्या प्लेटवर ठेवून प्रत्येक छिद्र जुळते का, हे पाहतात. डावी आणि उजवी प्लेट एकमेकींची आरशातील प्रतिमा असते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. एक्सलच्या ज्या तोंडावर प्लेट बसते, ते तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करावे लागते. तेथे गंजाचा एक कण जरी राहिला, तरी प्लेट तिरकी बसते आणि लायनर एका बाजूनेच झिजतो. बोल्ट कंपनीने ठरवून दिलेल्या जोरानेच, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. शू ज्या टेकूंवर सरकतात, त्यांवर उच्च तापमान सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त लावलेले ग्रीस वितळून लायनरवर जाते.

सगळे जोडून झाल्यावर ब्रेकमधील एअर काढणे, शू आणि ड्रममधले अंतर दोन्ही चाकांत सारखे करणे, हँडब्रेकची केबल जुळवणे आणि एक्सलमधील तेलाची पातळी पाहणे ही कामे उरतात. ब्रेकऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे उघड्या बाटलीतील जुने ऑइल वापरू नये. एक बाजू सडली असेल तर दुसरीही फार मागे नसते. म्हणून दोन्ही प्लेट एकदमच बदलणे शहाणपणाचे. त्यानंतर रिकाम्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात चाचणी घेऊनच वाहन कामाला लावले पाहिजे.

वेल्डिंगचा मोह

हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनही बराच वेळ घेते. गंजलेले बोल्ट आडवे आले तर दिवस मोडतो. स्वतःच पिकअप चालवणाऱ्या आणि बँकेचा हप्ता भरणाऱ्या मालकाला वाहन दिवसभर उभे ठेवणे परवडत नाही. मग सडलेल्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करून तासाभरात वाहन सोडण्याचा पर्याय पुढे येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि टेकू एका पातळीत राहत नाहीत. सिलिंडरजवळ उष्णता लागली तर आतील रबर खराब होते. वेल्डच्या कडेला गंज पुन्हा लवकर धरतो, तो वेगळाच. दुसरा पर्याय कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातील जुन्या भागांचा. जुनी प्लेट घ्यायचीच असेल तर रंगावर विसंबून न राहता ती तारेच्या ब्रशने घासून, टेकूंवर बोट फिरवून आणि छिद्रे तपासून घ्यावी लागते. काळ्या रंगाखाली काय दडले आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अधिक माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवण्याची प्रथाही ब्रेकच्या मुळावर येते. अनेक पिकअपमध्ये मागचा भाग किती दबला आहे, त्यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे वाढवले की वाहन भरलेले असूनही दबत नाही. ते रिकामे आहे असे समजून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमीच ठेवतो. प्लेट नवी असली तरी अशा वाहनाचे मागचे ब्रेक अर्धवटच काम करतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. उपनगरांतील वाहनांची नोंदणी अंधेरी, वडाळा आणि बोरिवली या प्रादेशिक परिवहन कार्यालयांकडे होते. ही तपासणी केवळ कागदोपत्री होऊ नये, यासाठी श्रीकांत कर्वे यांनी केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निर्णय दिला. ब्रेकच्या चाचणीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयांकडे २५० मीटर लांबीचा चाचणीमार्ग असला पाहिजे, असे त्यात राज्य सरकारला बजावण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम अधिसूचित केले. अशा केंद्रात चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचे ब्रेकबल यंत्राने मोजले जाते.

या चाचणीत डाव्या-उजव्या चाकांतील तफावत कळते आणि अडकणारा शू बहुधा पकडला जातो. मात्र, त्या दिवशी ब्रेक लागला म्हणजे आतील पत्रा शाबूत आहे, असे सिद्ध होत नाही. ड्रम उघडल्याशिवाय प्लेटची खरी स्थिती समजत नाही आणि ड्रम उघडण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता अशा स्थितीत, वाहन रस्त्यावर आणणे हा कलम १९० नुसार गुन्हा आहे. अशा दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले, तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. ‘ब्रेक अचानक गेला’ एवढे सांगून सुटका होईलच असे नाही.

ही लक्षणे दिसताच ड्रम उघडा

- ब्रेक दाबताना किंवा सोडताना मागच्या चाकातून ‘कट्’ असा आवाज येणे.
- थोडे अंतर चालवल्यावर एका बाजूचा ड्रम दुसऱ्यापेक्षा खूप तापलेला असणे. ड्रमला हात न लावता जवळ तळहात नेऊन हे समजते.
- लायनर वारंवार आणि एका कडेनेच झिजणे.
- हँडब्रेक पूर्ण ओढूनही चढावर वाहन सरकणे.
- चाकाच्या आतल्या बाजूने पाहिल्यास प्लेटवर खपल्या, भोके किंवा तेलाचे ओघळ दिसणे. अ‍ॅडजस्टरच्या खिडकीचे रबरी झाकण नसणे.

पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, एकदा आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या आसपास एकदा मागचे दोन्ही ड्रम उघडून आतील गाळ काढणे, टेकू साफ करणे आणि हरवलेली रबरी झाकणे बसवणे एवढे केले तरी प्लेटचे आयुष्य बरेच वाढते. मासळी वाहणाऱ्यांनी दिवसाचे काम संपल्यावर हौद्याबरोबर एक्सलवरही गोड्या पाण्याचा फवारा मारावा आणि हौद्यातील पाणी चाकांपासून दूर पडेल अशी नळी बसवावी. लायनर बदलताना मिस्त्रीला ‘प्लेट कशी आहे?’ एवढा प्रश्न विचारला तरी पुरे. ड्रम त्यावेळी उघडाच असतो आणि प्लेट पाहण्यासाठी वेगळा खर्च येत नाही.